शुद्धिपत्र

'साक्षेप'च्या आतल्या पानावर नावांची उतरंड असते:
वर वर्षाली निकुंभ, मुख्य संपादक,
मग लेख पाहणारे तिघे,
मग व्यवस्थापक भूषण देवरे, ज्यानं पारोळा रोडवरच्या
केळी वेफर्सवाल्याकडून मलपृष्ठाची जाहिरात आणली,
आणि तळाशी, बारीक टायपात,
तळटिपा तपासणार: मी, मोहिनी बडगुजर.

माझं काम सोपं होतं.
कुणी लिहिलं, न्यायालय असं म्हणालं,
तर जाऊन बघायचं, खरंच म्हणालं का.

एप्रिल. धुळ्यात अकरानंतर रस्ता कुणाचाच नसतो.
ग्रंथालयातला कूलर पाण्याशिवाय नुसता गरगरत होता.
बासष्ट टिपा. एकसष्ट पाहिल्या.
एकतिसावीचा खंड फडताळात नव्हता.
मी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली,
एवढीशी, चिमणीच्या पायाएवढी.

अंक निघाला, तीनशे प्रती.
जूनमध्ये साक्रीहून कार्ड आलं.
विश्राम झिपा भामरे, निवृत्त नाजर,
अक्षर अजून रोजकीर्दीतलं:
"पान ७४, टीप ३१. हे वाक्य न्यायमूर्तींचे नाही.
हरलेल्या वकिलाचे आहे. न्यायमूर्तींनी ते
खोडण्यासाठी उतरवून घेतले होते.
बाकी बठं बेस शे."

सर म्हणाले, छपाईतील दोष, असं टाका, विषय संपवा.
वर्षालीनं लिहिलं: अनवधानाने चूक झाली आहे.
मी त्या वाक्याकडे बघत बसले.
आपल्या भाषेत चूक होते,
जशी संध्याकाळ होते,
कुणी करावी लागत नाही.

म्हटलं, माझं नाव घाल.
ती म्हणाली, नाही. आतल्या पानावर नावं सहा,
बाहेर उभं राहायला एकच, ते माझं.
मुख्य संपादक म्हणजे काय वाटलं तुला, हारतुऱ्यांची खुर्ची?
तिचा आवाज चढला. माझाही.
लेख पाहणाऱ्यांतला एक जण चहा आणायला गेला
तो आलाच नाही.

गल्ली नंबर चारमध्ये शब्बीरशेठनी
सरांचा मजकूर वाचला, चष्मा कपाळावर नेला.
"मी तुमचीच फाईल छापली, बेटा.
लिहायचं तर लिहा. सगळे लिहितात."
आणि पट्ट्यांचे पैसे घेणार नाही म्हणाले,
त्याची जास्त लाज वाटली.

शेवटी पट्टीवर आलं:
'पृ. ७४, टीप ३१. हे विधान न्यायालयाचे नसून
अपीलकर्त्याच्या वकिलांचे आहे.
आम्ही मूळ निकाल न पाहता ते छापले. संपादक.'
'न पाहता' माझं.
'आम्ही' तिचं. त्यावरून ती हटली नाही.

एकशे अठ्ठ्याऐंशी प्रती हाताशी होत्या,
बाकीच्यांना पट्ट्या टपालानं.
गोंद बाटलीतच आळत होता,
पांझरेकडून धूळ येऊन ओल्या कागदावर बसायची.
पट्टी वाकडी लागली की वर्षाली काढायला लावायची.
आणि मी, जिनं एक पान उघडलं नव्हतं,
तिनं तेच एक पान
एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा उघडलं.

पंधरा दिवसांनी मनीऑर्डर आली, दोन वर्षांची वर्गणी.
खालच्या रिकाम्या जागेत तेच अक्षर:
"अपीलकर्ता नव्हे, उत्तरवादी.
मूळ निकाल आता तरी पाहावा."

वर्षालीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.
तू पाहिलास ना? मला वाटलं, तू.

खंड सापडला.
सुकलाल शिपायाच्या स्टुलाच्या
आखूड पायाखाली.
तो मुकाट उठला, पुठ्ठा बाहीनं पुसला.
"घ्या," म्हणाला, "पन वाचीसन परत ठेवा.
स्टूल डुगडुगस."