भार नसताना

माझं काम सोपं आहे. प्लग तपासणं.
शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम,
केटल्या, हेअरड्रायर, खाटेशेजारचे दिवे.
पास झालं की हिरवं लेबल.
नापास झालं की लाल, आणि कटरने वायर तोडायची.
विदर्नसीत दिवसाला साठ वस्तू होतात,
गप्पिष्ट खोल्या लागल्या तर चाळीस.

खोली अकरा गप्पिष्ट.
विल्फ गार्बट, वय एक्याण्णव,
हलच्या ट्रॉलरवर एकेकाळी रेडिओवाला.
खिडकीतून दीपगृह दिसतं, गावाच्या मधोमध, घरांच्या रांगेत,
दिवा केव्हाच विझलेलं.
टेबलावर त्याचा संच, आणि संचाखाली
स्वतः बांधलेला पॉवर सप्लाय,
बिस्किटाच्या डब्याएवढा, जहाजी करडा.
"तो राहू दे, सॉनी," म्हणाला.
सोहोनी म्हणणं त्याला चार वर्षांत जमलेलं नाही,
आणि मीही सुधारणं सोडलंय.

राहू दे म्हटलं म्हणजे उघडायलाच हवं.
चार स्क्रू. आत धूळ,
सोल्डरचे सुबक टाके, एकाच हाताचे,
आणि अंगठ्याहून जाड निळा कपॅसिटर,
डोक्यावर टेंगूळ आल्यासारखा.
पोटावर छापलेलं: पंचवीस व्होल्ट.
मिरजेच्या आयटीआयपासूनचा माझा काट्याचा मीटर लावला.
संच बोलत असताना चोवीस.
काठावर, पण ठीक.
संच बंद केला, आणि काटा चढत गेला,
पंचवीस, सव्वीस, साडेसव्वीस.

"भार काढला की दाब वाढतो," विल्फ म्हणाला.
"कामात असतो तोवर शहाणा असतो.
बिघडतो रात्री. कोणी काही मागत नाही तेव्हा."
मग तो दीपगृहाकडे बघत राहिला.
मी मीटरकडे.

किती वर्षं चाललाय असा?
"एकोणऐंशीपासून. पस्तीसचा महाग होता,
आणि घरात जुळी झाली होती."

नियमाने लाल लेबल. नियमाने कटर.
कटर पिशवीत होता, तिथेच राहिला.
डबा टॉवेलात गुंडाळून मी घरी नेला
आणि वहीत लिहिलं, खोली अकरा, वस्तू आढळली नाही.

रात्री ओट्यावर, कणकेची परात बाजूला सारून,
शाल्मलीने टॉर्च धरला.
लिहिलंय त्याच्यावर गेलं की लगेच फुटतं का, बाबा?
लगेच नाही. तेच तर वाईट.
आधी हाताला जरा कोमट लागतं.
मग आतली ओल वाळत जाते, वर्षानुवर्षं,
बाहेर आकडा तोच, ठळक,
आणि चालतंय म्हणून सगळे चालू देतात.
"तुझ्यावर कुठे लिहिलंय?"
तिने टॉर्च माझ्या मानेमागे नेला, कॉलर उलटली,
मोठ्याने वाचलं:
लार्ज. चाळीस अंशांत धुवा. पिळू नये.

नवा पन्नास व्होल्टचा बसवला.
जुन्याहून बारीक, सोसणारा दुप्पट.
धन पाय धनाला, ऋण ऋणाला, दोनदा बघून,
कारण इथे एकदाच चुकता येतं.

गुरुवारी परत नेला.
भार नसताना काटा तसाच चढला, साडेसव्वीस.
स्वभाव काही बदललेला नव्हता,
फक्त आता वर जागा होती.

झाकण लावायच्या आधीच हिरवं लेबल चिकटवलं,
पुढची तपासणी, पुढच्या वर्षीचा मार्च.
विल्फने चष्मा कपाळावर सारून
तारीख डोळ्यांजवळ नेली.
"मार्च," म्हणाला. "हे डब्याचंच ना, सॉनी?"
डब्याचंच, मी म्हणालो.
"बरं."
त्याने मोर्सच्या कीवर बोट ठेवलं
आणि कोणालातरी, हवेत असेल त्याला, हाक घातली.
काटा खाली आला.
चोवीस.