उतार

केअरफिलीचा किल्ला बाबांना आवडला.
चहूकडे पाणी, पाण्यात बदकं,
आणि एक बुरूज कलंडलेला,
कधीचा पडतो पडतो म्हणणारा, न पडणारा.
ओजसने दोन्ही तळवे पुढे केले,
श्रीरंगने गुडघ्यावर बसून कोन साधला.
फोटोत आठ वर्षांचं पोर बुरूज तोलून धरतं.
बाबांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला.
"उलट्या बाजूला उभा आहेस रे. दाब तिकडून आहे."

गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून डायरी काढली,
वेकोलिची, दोन हजार अकराची,
अजून पानं शिल्लक आहेत म्हणून वापरातली.
"इथून अबरफान किती लांब?"
श्रीरंगला वाटलं, अजून एक किल्ला.
"एक एफ म्हणजे व्ह, आजोबा," मागून ओजस,
त्याला शाळेत वेल्श आहे,
"अबरव्हॅन."
बाबांनी पेन काढून डायरीत दुरुस्ती केली.

दरीतून वर जाणारा रस्ता. मग गाव,
एकमेकांना टेकलेली घरं, दारात कुंड्या.
वर दफनभूमीत
पांढऱ्या कमानींच्या लांब ओळी.
ओजस मोठ्यानं वाचत निघाला.
वय दहा. वय सात. वय आठ.
आठवर थोडा थांबला,
पुढचं मनातच वाचू लागला.

सहासष्ट साल, ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ.
दुसऱ्या दिवसापासून सुट्टी.
डोंगरावरचा खाणीचा ढीग पावसानं फुगून
खाली आला, शाळेवर.
एकशे सोळा मुलं. मोठी माणसं अठ्ठावीस.

"ढीग कुठे आहे?"
"काढला, बाबा. नंतर."
"नंतर," ते म्हणाले.
डोंगर हिरवागार, वर मेंढ्या.
ते पाणी शोधत होते, मला कळलं,
घुग्घूसच्या खाणीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस
डोंगर बघतो तो असा.
"खाली झरा होता. झऱ्यावर ढीग टाकत नाही बाप्पा.
ट्रेनिंगला आलो तेव्हा सरांनी फळ्यावर काढलं होतं,
हा ढीग, हे पाणी, खाली एक चौकोन.
चौकोनाचं नाव त्यांनाही नीट येत नव्हतं."

आमच्या शाळेमागे ओबीचा ढीग होता.
तिसरीच्या खिडकीत आभाळ अर्धंच यायचं.
आम्ही पोट्टे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन
वर चढायचो, घसरत खाली यायचो,
दात काळे, केस काळे, हसून हसून पोट दुखायचं.
बाबांनी मला उभ्या जन्मात एकदाच मारलं.
सेकंड शिफ्टला निघाले होते,
सायकल रस्त्यातच आडवी टाकली
आणि सगळ्यांच्या देखत.
मी चार दिवस बोलले नाही.
फ्रॉक फाटला म्हणून, असं सांगत आले मी,
सासरीसुद्धा, गमतीचा किस्सा म्हणून,
श्रीरंगला पाठ आहे.
त्या वर्षी ते ऑफिसात अर्जावर अर्ज देत होते.
आई म्हणायची, क्वार्टर बदलून हवंय त्यांना.

बाबांनी बूट काढले. गवत ओलं होतं.
मोजेही काढले, बुटांत कोंबले.
हात जोडले, मग सोडले,
इथे काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.
एका कमानीवर सुकलेलं पान चिकटलं होतं
ते नखानं हळूच सोडवलं.

आणि ओजस, कुणीही न सांगता,
डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.
तळवे पुढे.
श्रीरंगचा हात खिशाकडे गेला, तिथेच राहिला.
बाबा अनवाणी चालत त्याच्यापाशी गेले,
खांदे धरून त्याला दोन पावलं सरकवलं.
"इथे," म्हणाले.
"दाब इकडून येतो."