मागे नाहीच

तीस वर्षं इन्शुरन्ससाठी लोकांच्या गाड्यांचे पोचे मोजले,
त्यामुळे बॉनेटखालचं वेल्डिंग दिसलंच होतं मला,
आणि डाव्या दारावरचा रंग, जरा जास्तच लाल.
तरी सियागंजच्या हातिमभाईंशी घासाघीस केली नाही.
"बैठ तो जाता हूँ साहब, उठाने को दो आदमी लगते हैं,"
म्हणाले, आणि गुडघे दाखवले.
किल्लीबरोबर एक चामड्याची टोपी दिली, बिनपैशाची.

वृंदा गाडीभोवती एकदा फिरली.
"मागे कोण बसणार?"
मागे नाहीच.
"आणि भाजी?"

छप्पर उघडायला दोन खिटक्या, एक शिवी,
मग सतरंजी झटकल्यासारखा आवाज.
मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली,
तिच्यातून अख्ख्या इंदूरला कावीळ.

पलासियाच्या सिग्नलला शेजारी बस थांबली.
एवढ्या खालून मी हे शहर कधी पाहिलं नव्हतं:
बसचं चाक माझ्या खांद्याशी,
वर खिडकीत एक मुलगा शेंगा सोलतोय
आणि टरफल थेट वृंदाच्या मांडीवर.
तिनं मान वर केली. त्यानं दाणे दाखवले.
तिनं ओंजळ धरली.

सिमरोलच्या घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन खोकतं.
दुसऱ्या कुणाची असती तर रिपोर्टात लिहिलं असतं.
वृंदानं ती टोपी घातली आहे, कानांच्याही खाली येते.
काहीतरी बोलते आहे, वाऱ्यात ऐकू येत नाही,
मी "हो" म्हणतो.
कशाला हो म्हटलं
ते चोरलला चहा पिताना कळेल.