पाण्याचा वाटा

इस्चेहिसारला जानेवारीत नळ गोठतात.
आमच्या शेडमधलं पाणी गोठत नाही,
चार हजार बारच्या दाबाखाली त्याला तेवढी सवडच नसते.
माणकाच्या भोकातून उतरतं, शिवणाच्या दोऱ्याएवढं,
वाटेत गार्नेटची वाळू तोंडात घेतं
आणि दगडाला काही विचारत नाही.

आवाज म्हणाल तर
जाड मांजरपाट कुणीतरी टराटरा फाडतंय,
सकाळपासून, आणि ते संपत नाही.

हसीप उस्तांनी पहिली दोन वर्षं
या यंत्राला पाण्यात पाहिलं.
अगदी शब्दशः. टाकीच्या काठाशी हात मागे बांधून उभे राहत,
गढूळ पाण्यात बघत.
छिन्नीने बारा पाकळ्या बसवायला त्यांना अकरा दिवस लागायचे.
मला किती लागतात ते मी कधी बोलले नाही.
पडद्यावर आकडा दिसतोच.

मी त्याआधी अफ्योनला पडद्यांच्या दुकानात कापड मापायची.
दगड नवा होता, माप नवं नव्हतं,
असं मला वाटायचं.

मग अंकाराहून काम आलं:
कोर्टाच्या प्रतीक्षागृहाची फरशी.
पत्रात एकच ओळ जास्तीची होती,
की इथे माणसं खाली मान घालून बसतात,
तेव्हा खाली बघण्याजोगं काही असावं.

पांढऱ्या दगडात जांभळ्या नसांचं फूल.
मी रेखाटन जसंच्या तसं यंत्रात भरलं.
आधी मंद दाबाने टोचलं, नाहीतर लादी तडकते,
कोपऱ्यांवर वेग कमी केला, नाहीतर पाणी मागे रेंगाळतं
आणि तळाशी कड तिरकी येते.
सगळं शिकवल्याप्रमाणे.
एक पाकळी पट्ट्यांमधून निसटून टाकीत पडली.
बाही दंडापर्यंत सारून मी गाळात हात घातला.
थंडी हाडात पहिल्यांदा शिरते कशी, ते त्या दिवशी कळलं.
पाकळी सापडली. अखंड होती.

पण बसवायला गेले
तर प्रत्येक सांध्यात नख जात होतं.

उस्तांनीही नख घातलं. गोल फिरवलं.
"पाण्याचा वाटा काढून ठेवला होतास?"
मी गप्प.
"करवत खाते. छिन्नी खाते.
दिवसभर राबणारं पाणी तेवढं उपाशी राहील?"

मिलिमीटरभर.
अर्धा पाकळीच्या कडेचा, अर्धा लादीतल्या भोकाच्या.
म्हणजे पाकळी थोडी मोठी मागायची,
भोक थोडं लहान,
आणि मधलं जे जाईल
ते गेलंच नाही असं दिसलं पाहिजे.

त्या दिवशी त्यांनी माझं पाणी जोखलं असावं.
बोलले नाहीत. फक्त चहात दोन खडे साखर टाकून
ग्लास माझ्याकडे सरकवला.
मी बिनसाखरेचा पिते. प्यायले.

दुसऱ्या खेपेला नख गेलं नाही.
खोकी भरली, ट्रक गेला.
ती फरशी मी अजून पाहिलेली नाही.
कोर्टात जायची वेळ कुणावर येऊ नये म्हणतात,
तरी अधूनमधून वाटतं, एखादी किरकोळ साक्ष निघावी.

फसलेली पांढरी लादी भंगारात टाकणार होतो,
बारा पाकळ्यांची बारा भोकं असलेली.
उस्ता म्हणाले, मला द्या.
दोघांनी धरून ती त्यांच्या गाडीत चढवली.

मार्चमध्ये अंडी आणायला त्यांच्या घरी गेले.
लादी खुराड्याच्या दक्षिणेच्या भिंतीत उभी बसवलेली.
गारठा येतो म्हणून अकरा पाकळ्यांत
जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली.
बारावी मोकळी.

दुपारी तिच्यातून ऊन आत येतं,
पाकळीएवढंच,
आणि कोंबड्यांच्या मातीवर पडतं.
एक तपकिरी कोंबडी त्यावर बसते.
ऊन सरकतं
तशी तीही उठून
बोटभर सरकते.