रोजच्यासाठी

सव्वासहाची पहिली फेरी दाभोळकडे सुटली
की पुढची चाळीस मिनिटं माझी.
गल्ल्याच्या खणात, सुट्ट्या नाण्यांच्या डब्यामागे
दोन पॅलेट आहेत आयशॅडोच्या.
एक चिपळूणची, साडेतीनशेला, बारा रंगांची.
दुसरी भावजयीनं मस्कतहून आणलेली. नऊच रंग,
पण झाकणाला चुंबक आहे,
मिटताना टक् असा आवाज होतो, श्रीमंत.

चिपळूणवालीतले सगळे तपकिरी एकमेकांचे चुलतभाऊ.
बोट टेकवलं की आधी धूळ उडते, मग रंग येतो.
पापणीला तीन हात द्यावे लागतात, भिंतीला देतात तसे.
तरी दुपारी दोनपर्यंत टिकते, हे कबूल करायला हवं,
खाडीवरच्या या चिकट वाऱ्यातसुद्धा.
मस्कतवाली लोण्यासारखी. एका बोटात काम.
आणि अकरा वाजले की पापणीच्या घडीत गोळा होते,
ओहोटीनंतर चिखलावर रेघ उरते ना, तशी.

भावजयीला हे सांगितलेलं नाही.

रंगांची नावं मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीएवढी.
मी माझी ठेवली आहेत, हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर.
मस्कतमधला तिसरा: तिसऱ्याच्या शिंपल्याची आतली बाजू.
चिपळूणमधला पाचवा: ओला जांभा.
सहावा: तोच जांभा, मे महिन्यात.
नववा आगळाचा, तो मी लावत नाही.
एकदा लावला होता तर साहेबांनी हळूच विचारलं,
घरी सगळं ठीक आहे ना?

तसं बघितलं तर साहेबांशिवाय बघणार कोण?
खिडकी इतकी खाली कापली आहे
की तिकीट घेणाऱ्याला माझे हातच दिसतात.
गाडी एक, माणसं दोन. नोट आत, मोड बाहेर.
आठ वर्षं झाली,
धोपाव्याची माणसं मला बांगड्यांवरून ओळखतात.

नफिसा मुकादम साडेआठच्या फेरीला येते.
पलीकडच्या शाळेत गणित शिकवते.
तिचं उलटं. नकाबातून डोळेच तेवढे बाहेर,
आणि त्यांवरची कामगिरी अशी
की नववीच्या मुली प्रमेय सोडून
वहीत तिच्या पापण्या उतरवून घेतात. हे तीच सांगते.

तिचा पास आहे. तिला खिडकीशी काम नाही.
तरी ती वाकते, पर्स सांभाळत, पार मान वाकडी करून.
"आज कुठली?"
"ओळख."
"चिपळूण. पण खाली बेस लावलायस. सुधारलीस गो."
रोजच्यासाठी तीन रंग पुरतात, असं तिचं म्हणणं.
बाकीचे बघण्यासाठी.

गेल्या महिन्यात ती चार दिवस आली नाही.
सासूला डेरवणला ठेवलं होतं.
चारही दिवस मी सहावा लावला, नीट कडा पुसून,
आणि दुपारी तसाच धुतला.

पाचव्या दिवशी ती वाकली. डोळे कोरे.
मी पहिल्यांदाच पाहिले तसे,
लहान वाटले, आणि डाव्या पापणीवर एक तीळ,
जो इतकी वर्षं कुठल्या तरी रंगाखाली राहत होता.
"हात पोचला नाही सकाळी," म्हणाली.
खणात हात गेला. मस्कतवाली वर होती.
मी खालची काढली
आणि मोड सरकवतात तिथून सरकवली.

कुणाच्या तरी स्कूटरच्या आरशात तिनं काम उरकलं,
अनामिकेनं, दोन फटके इकडे, दोन तिकडे.
भोंगा झाला. दोरखंड सोडणारा विलणकर
दोर हातात धरून उभाच राहिला, काही बोलला नाही.
मग ती धावली, आणि डबी खिडकीत परत,
झाकण उघडंच.

कुठली चांगली, असं विचाराल
तर चिपळूणवालीतल्या सहाव्या खणाला
आता तळाचा पत्रा दिसतो, नखाएवढा.
मस्कतवाली अजून भरलेली आहे.
लग्नाकार्याला बरी.