धार काढणाऱ्याला काय कळतं

पहाटे साडेचारला मी बेचाळीस गाईंच्या धारा काढतो.
खरं तर यंत्र काढतं. मी सड पुसतो,
कासेवर तळहात ठेवून वाट पाहतो.
साओ जॉर्जच्या या कड्यावर, सात वर्षांचा होतो तेव्हापासून,
पान्हा चोरणारी एकच गाय मला भेटली.
पुढे तीही ऐकू लागली.

आणि घरी, समुद्राकडच्या खोलीत,
देओलिंदा दोन दिवस उशांच्या ढिगात बसून.
पोर रडते, धरते, सोडते, परत रडते,
आणि ही पायाची बोटं अशी आवळते
की चादर गोळा होते.

मी म्हणालो, आमच्या वासरांना तर कोणी शिकवत नाही.
तिनं नुसतं पाहिलं.
मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. नको होती तरी.

सासूनं कोंबडीचं सार आणलं, वर सुस्काराही.
शेजारीण दारातूनच म्हणाली, हिला नाहीच येणार, डबा आणा.
मी आणला.
गाडीच्या सीटखाली ठेवला. कोणाला बोललो नाही.

संध्याकाळी नर्स ग्रासिएते आली,
गार हात काखेत धरून ऊब येईपर्यंत उभी राहिली.
छातीकडे तिनं आधी पाहिलंच नाही.
"खांदे खाली," म्हणाली. "अजून खाली. आता श्वास."
मग चमच्यात बोटांनी दाबून काढला
पिवळा, चिकट, चार थेंब.

चीक.
हा शब्द मला माहीत होता.
व्यालेल्या गाईचं पहिल्या दिवसांचं दूध
आम्ही चीजच्या कारखान्यात पाठवत नाही.
ते वासराचं.
"एवढंच?" मी विचारलं.
"पोटच तिचं द्राक्षाएवढं," ग्रासिएते म्हणाली,
"आणि द्राक्षाला घाई नसते.
उद्या वजन करू. कमी भरलं तर डबाही आहे,
त्यात लाज कसली."
माझे कान तापले.

तिसऱ्या रात्री वारा सुटला,
पलीकडे पिकोचे दिवे विझल्यासारखे झाले.
देओलिंदा उठून बसली, झगा भिजलेला,
छाती दगड, डोळ्यांत पाणी.
मी फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं,
तळहात ठेवला, वाट पाहिली.
काही बोललो नाही.
"मला माहितीये तू काय म्हणणार होतास," ती म्हणाली,
आणि हसली, आणि हसताना दुखलं तिला.

पोट पोटाला. नाक वर. जांभईएवढं तोंड
उघडेपर्यंत थांबायचं,
मग एकदम.

आधी चुटूचुटू, नुसतीच घाई.
मग एक थांबा.
मग खोल, घशातून, एक घोट.

जन्मभर लिटर मोजत आलोय मी,
पावत्या आहेत खोकाभर.
एकोणीस घोट मोजले. विसाव्याला
दूध तिच्या हनुवटीवरून ओघळलं, मानेच्या वळीत शिरलं,
आणि मोजायचं राहिलं.

गोठ्यात त्या दिवशी सहाला पोचलो.
गाई हंबरून थकलेल्या. फातलेल्या कासा, रागीट डोळे.
माफी मागत फिरलो एकेकीची.

डबा अजून सीटखालीच आहे.
वळणावर घरंगळतो, आवाज करतो.
असू दे.