रकाना अकरा

अर्जातला अकरावा रकाना विचारतो:
घरात लाकडाची आग पेटते काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.

जयेंद्र म्हणतो, बाबा, 'होय' खोडा न् सही करा,
कोण येतंय घणसोली गावठाणात
आपल्या गच्चीवर वाकून बघायला.

मी पेनाचं टोपण काढतो, लावतो.
एकतीस वर्षं बंबावर होतो मी,
लाल, घंटेच्या, ऐरोलीच्या नाक्यावर
उलट्या दिशेने घुसणाऱ्या.
आणि ड्युटीवरून परतलो की
दुसरा बंब वाट बघत असायचा,
तांब्याचा, पोटात विस्तव घेऊन,
तोटी सोडली की हातावर वाफ.
एका बंबाचा धूर दुसऱ्याच्या पाण्याने
कानामागून, नखांतून काढला.
आता कुठल्या बंबाला नाही म्हणू?

गच्चीत जळण रचलंय.
मोजून सांगतो, विम्याला हिशेब आवडतो:
रबाळ्याच्या कंपनीतली फुटकी पॅलेटं,
त्यांवर कुठल्याशा बंदराचा काळा शिक्का;
वाशी मार्केटातल्या आंब्याच्या पेट्या, पेंढ्यासकट;
वैतींच्या हळदीचा मांडव उतरला, त्याचे बांबू;
आणि आमच्या होडीची एक फळी,
जी सुगंधा दर वेळी उचलते,
बाजूला ठेवते,
दुसरं काहीतरी लावते.

गिझर आहे. भिंतीवर. पांढरा.
"त्याचा पानी आंगाला लागं नाय," ती म्हणते,
आणि त्याच्यावर टॉवेल वाळवते.

मी 'नाही' खोडलं.

आठव्या दिवशी विम्याची मुलगी आली,
तडवी आडनाव, चोपड्याकडची,
तीन जिने चढून दम लागलेला, हातात टेप.
भिंतीपासून बंब: चार फूट.
बंबापासून जळण: अडीच. हे लांब सरकवा, काका.
घराचा उतारा?
उताऱ्यावर खळं आहे, म्हटलं, आज्याच्या नावाचं.
कागदावर आमचा तिसरा मजला नाही,
त्या मजल्यावरचा धूर मात्र
आता तुमच्या कागदावर आला.
ती हसली नाही. लिहीत राहिली.

राखेचा डबा पत्र्याचा, वर झाकण.
झाकण कोणी सुचवलं? तिने विचारलं.

सांगणार होतो
तुर्भ्याच्या त्या चाळीतलं, जिथे राख निवली समजून
कोणी पुठ्ठ्याच्या खोक्यात ओतली.
पहाटे आम्ही पाइप गुंडाळत होतो
आणि एक माणूस ओल्या कपाटातून
कागदांची थप्पी काढून
पान सुटं करू बघत होता,
फुंकर घालत, नखाने, हळू,
दुधावरची साय काढावी तसा.
एकही सुटलं नाही.

हे काही बोललो नाही.
झाकण उघडून, परत घट्ट लावून दाखवलं.

बंबाची किंमत किती धरू?
सुगंधा पुढे झाली, पदराने काजळी पुसली.
खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव,
तिचं माहेरचं, जे आता कोणी हाकेला वापरत नाही.
"धर तुला वाटंल ती. मोडीत देवाचा नाय."
मुलीने आकडा लिहिला, खोडला,
टेप गुंडाळून खिशात टाकली
आणि निघताना क्षणभर
दोन्ही तळवे बंबाच्या अंगाजवळ नेले.
मे महिना होता.

पॉलिसी आली. शेरा: इंधन लाकूड, राखेला झाकण.
हप्ता आठशे चाळीस रुपयांनी जास्त.
बघा, जयेंद्र म्हणाला, एका काटीचा फरक.

मी जळण पाच फुटांवर नेलं.
मग पाटावर बसून भागाकार केला:
दिवसाला दोन रुपये तीस पैसे.
तोटी सोडली.
आज एक तांब्या जास्तच घेतला.